पाच घरं आणि एक खोडरबर

रविवारी लॅपटॉपला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून ग्राफ पेपर आणि पेन्सिल घेऊन गेम ऑफ लाइफ हातानेच करायला बसलो. नाव गेम असलं तरी यात खेळाडू कोणी नसतो, सुरुवातीला काही घरं काळी करायची आणि पुढे नियम सांगतील तसं निमूटपणे करत राहायचं, बस. हे डोकं जॉन कॉनवे या गणितज्ञाचं, १९७० साली मार्टिन गार्डनरने आपल्या मासिकातल्या सदरात छापलं आणि लोक वेडेच झाले.

नियम एका दमात सांगून होतात. काळं घर जिवंत, पांढरं रिकामं. प्रत्येक घराला आठ शेजारी. रिकाम्या घराचे बरोबर तीन शेजारी जिवंत असतील तर तिथे जन्म. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकतं, नाहीतर मेलं, एकटं पडून नाहीतर गर्दीत गुदमरून.

मी ग्लायडर काढला, म्हणजे कागदावर तिरका चालत जाणारा पाच घरांचा आकार. वरच्या ओळीत मधलं घर, दुसरीत उजवीकडचं, तिसरीत तिन्ही. डावीकडून वरून सुरुवात करून एकेक घर तपासत खोडत-भरत गेलो, आणि दुसऱ्याच फेरीत काय उरलं तर दोन बाय दोनचा चौकोन, ढिम्म हलेना! वाटलं मोजायला चुकलो, परत केलं, परत तोच चौकोन. मग ट्यूब पेटली. सगळ्या घरांनी जुनं चित्र बघून एकदम बदलायचं असतं, आणि मी एक घर खोडलं की त्याचा शेजारी ते खोडलेलं घर मोजत होता. म्हणजे नियम तेच, फक्त एकदम की एकामागून एक एवढाच फरक, आणि चालणारा प्राणी दगड होऊन बसला.

मग प्रत्येक पिढीला, म्हणजे प्रत्येक फेरीला, नवीन चित्र. चौथ्या चित्रात तोच आकार, एक घर खाली, एक घर उजवीकडे. एकटाच बसून हसलो. गंमत अशी की कागदावर काहीच सरकलेलं नसतं, घरं जागच्या जागी काळी-पांढरी होतात, नियमांत ‘चालणे’ हा शब्दच नाही, तरी मी आपला ‘हा बघ चालला’ म्हणतोय.

हुरूप आला म्हणून आर-पेंटोमिनो घेतला. तीही पाचच घरं, एक जरा इकडे एक जरा तिकडे. पंचविसाव्या पिढीच्या आसपास माझी मोजणी ढेपाळली आणि गुपचूप लॅपटॉप उघडला. हा प्रकार शांत होतो थेट ११०३व्या पिढीला, तेव्हा ११६ घरं जिवंत असतात आणि त्यात सहा ग्लायडर लांब पळालेले असतात. पाच घरांचा एवढा पसारा! आणि नुसतं बघून हे कोणी सांगू शकणार नाही. कुठलंही चित्र दिलं तरी ते शेवटी मरणार की नाही हे हमखास सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे सिद्ध झालंय. खुद्द कॉनवेचा अंदाज होता की कुठलंच चित्र कायम वाढत राहणार नाही, त्यावर ५० डॉलरचं बक्षीसही लावलं होतं, आणि त्याच वर्षी बिल गॉस्परच्या टीमने दर ३० पिढ्यांना एक ग्लायडर सोडणारी गन शोधून ते नेलं.

पण यावरून ‘विश्वाचं कोडं सुटलं’ छाप व्हिडिओ बनवणारे मला पटत नाहीत. हे नियम साधे असतील, सहज सुचलेले नाहीत. कॉनवेने बरेच दिवस वेगवेगळे नियम घासून बघितले होते. असे नियम मनाला येतील तसे घ्या, बहुतेक वेळा एक तर सगळं पटकन मरतं नाहीतर नुसती खिचडी होऊन पान भरतं.

असो. ती गन ३६ घरांची आहे, एका कागदात मावत नाही म्हणून दोन चिकटवून ठेवलेत, तिसाव्या पिढीपर्यंत हातानेच पोचायचंय. खोडरबर मात्र ड्रॉवरमध्ये टाकलाय.