वर्ष पुसले, किरण उरले

न्यू जर्सीतील ज्या दुकानात मी नाण्यांच्या पारखीचे काम करतो, तेथे घासून गुळगुळीत झालेली चांदीची अमेरिकन नाणी सतत येतात आणि त्यांतील बहुतेकांचा निकाल तराजूवरच लागतो. वर्ष वाचता आले नाही की नाणे वितळवण्याच्या ढिगात, अशी या धंद्याची सरधोपट रीत आहे, आणि ती मला कधीच पटलेली नाही. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांना मात्र नाणे विकायचे नव्हते. ते स्वतः सुतारकाम करणारे होते आणि डेलावेअर नदीकाठच्या आपल्या जुन्या घराचा कुजलेला उंबरा बदलत असताना, खालच्या दगडावरील चुन्यात रुतलेले हे पाव डॉलरचे नाणे त्यांना सापडले होते. घर 1830 च्या सुमाराचे आहे असे त्यांच्या घराण्यात सांगत आले होते, आणि नाण्यावरचे वर्ष कळले तर त्याची खात्री होईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

नाण्याची पुढची बाजू जवळजवळ सपाट होती. तिरप्या प्रकाशात धरल्यावर खडकावर बसलेल्या स्त्रीची बाह्यरेषा आणि तिच्या बाजूच्या ढालीचा फुगवटा एवढेच दिसत होते. ख्रिश्चन गोब्रेक्ट यांनी रेखाटलेली ही बैठी लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याचे प्रतीक असलेली स्त्री, पाव डॉलरवर 1838 पासून 1891 पर्यंत होती, म्हणजे घराचा दावा पहिल्याच नजरेत डळमळला होता. पण अर्धशतकाहून मोठ्या या पट्ट्यातले नेमके वर्ष कोणते, हा प्रश्न उरलाच. वर्षाचे आकडे आकृतीच्या खाली, अगदी काठाला लागून असतात. काठ झिजला की त्याच्याबरोबर तेही जातात, आणि येथे त्यांचा मागमूसही नव्हता.

‘एखादे रसायन लावून आकडे वर आणता येत नाहीत का?’ असे त्यांनी विचारले. त्यांनी ऐकले होते ते बफेलो निकेलविषयी. 1913 ते 1938 या काळातील त्या पाच सेंटच्या नाण्यावर वर्ष आदिवासी पुरुषाच्या खांद्यावर उठावात असल्यामुळे लवकर झिजते, आणि फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला तर छापाखाली दाबला गेलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळा खाल्ला जाऊन आकडे पुन्हा दिसू लागतात. तेथेही मागे खरबरीत डाग राहतो तो कायमचाच. हा उपाय तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूसाठी आहे. नव्वद टक्के चांदीच्या नाण्यावर मी तो कोणालाही करू देणार नाही.

तराजूने वजन 5.7 ग्रॅम दाखवले. 1853 पूर्वी पाव डॉलरचे कायदेशीर वजन 6.68 ग्रॅम होते आणि त्यानंतर 6.22, परंतु इतक्या झिजलेल्या नाण्यात मूळ वजन कोणते होते हे ठरवणे म्हणजे अंदाजावर अंदाज रचणे होय. म्हणून मी मागची बाजू वर केली. आमच्याकडील बहुतेक शिवराई नाण्यांवर वर्ष नसतेच, अक्षरांच्या वळणावरूनच त्यांचे प्रकार लावावे लागतात. लहानपणी घरातली ती नाणी हाताळल्यामुळे असेल, पण आकड्यांवाचून माझे फारसे अडत नाही.

गरुडाच्या डोक्यावर रिकामी जागा होती. 1866 पासून तेथे ‘इन गॉड वी ट्रस्ट’ लिहिलेली फीत येते आणि झिजलेल्या नाण्यावरही तिचा वळसा सहसा ओळखू येतो. तो नव्हता, तेव्हा नाणे बहुधा 1865 किंवा त्याआधीचे. डाव्या पंखाजवळ चुन्याची खपली चिकटली होती. ऊर्ध्वपातित पाण्यात बराच वेळ ठेवल्यावर ती लाकडी काडीच्या टोकाने अलगद सुटली आणि दहापट भिंगाखाली पंखापासून काठाकडे जाणाऱ्या, केसाएवढ्या बारीक, एकमेकींना जवळजवळ समांतर अशा रेषा दिसल्या. ओरखडे असतील म्हणून मी नाणे फिरवून पाहिले. ओरखडा वाटेल तसा जातो आणि उठावाच्या अंगावरूनही जातो. या रेषा पंखाच्या कडेशी थांबत होत्या आणि गरुडाच्या दुसऱ्या बाजूलाही तशाच फाकलेल्या होत्या. ते किरण होते.

किरण असलेला पाव डॉलर एकाच वर्षाचा असतो, 1853 चा. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर सोन्याच्या तुलनेत चांदी महाग झाली, नाण्यातील चांदी त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा जास्त मोलाची ठरू लागली, आणि लोक नाणी वितळवू किंवा परदेशी धाडू लागले. तेव्हा 21 फेब्रुवारी 1853 च्या कायद्याने छोट्या चांदीच्या नाण्यांचे वजन सुमारे सात टक्क्यांनी घटवण्यात आले, आणि हलके नाणे ओळखू यावे म्हणून वर्षाच्या दोन्ही बाजूंना बाणाची टोके, तर पाव व अर्ध्या डॉलरच्या मागे गरुडाभोवती किरण घालण्यात आले. किरण पुढच्याच वर्षी काढून टाकले गेले. बाण 1855 पर्यंत टिकले. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्या वर्षी असे दीड कोटीहून अधिक पाव डॉलर पाडले, त्यामुळे नाणे दुर्मीळ नाही, हेही मी त्यांना लगेच सांगून टाकले. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचे असते तर गरुडाखाली ‘ओ’ हे अक्षर असते, पण ती जागा पार गुळगुळीत झाली होती.

त्यांचा चेहरा थोडा उतरला, कारण चुन्यात रुतलेले नाणे उंबरा बसल्यानंतर आत जाऊ शकत नाही. म्हणजे तो उंबरा 1853 पूर्वीचा नव्हता. माझ्या मते तो बराच नंतरचा असावा, कारण इतकी झीज व्हायला नाणे पुष्कळ वर्षे हातोहात फिरावे लागते, आणि यादवी युद्धात, 1862 पासून, चांदीची नाणी व्यवहारातून बरीच वर्षे नाहीशी झाली होती. घर जुनेच असेल आणि उंबरा मागाहून बदलला असेल, हे त्यांनीच सुचवले आणि ते तर्कशुद्ध होते. मी त्यांना जुन्या फळीचे खिळे पाहायला सांगितले. संध्याकाळी त्यांचा फोन आला: खिळे चौकोनी, पत्र्यातून कापलेले होते, तारेचे नव्हते. तारेचे खिळे 1890 च्या दशकात सर्रास झाले, म्हणून उंबऱ्याचा काळ बहुधा त्याआधीचा, असे आम्ही दोघांनी ठरवले. नाण्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर मी ‘1853, बाण व किरण, टांकसाळ अनिश्चित’ एवढेच लिहून दिले होते. उंबऱ्याविषयीची नोंद त्यांनी मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने केली.