कोपऱ्यात लिहिलेलं प्रमाण

त्या दिवशी प्रत्येक बाकावर एकेक आलेख कागद ठेवला होता. त्यावर एकच रेषा, रेषेवर दोन ठळक टिंबं, आणि खाली प्रश्न: या रेषेचं समीकरण काढा, (अ, २५) आणि (−३, ब) हे बिंदू याच रेषेवर असतील तर अ आणि ब किती? हे दोन्ही बिंदू मी मुद्दाम कागदाबाहेर ठेवले होते. कागदावरचा बिंदू नुसता वाचता येतो. जो दिसत नाही त्याच्यासाठी काहीतरी करावं लागतं, आणि समीकरण कशाला हवं हे मुलांना तिथेच पटतं.

"आधी चढ काढू या. पहिल्या टिंबापासून दुसऱ्याकडे जाताना उजवीकडे किती, वर किती?"

वर्गाने घरं मोजली. उजवीकडे दोन, वर तीन. मी फळ्यावर ३/२ लिहिलं. रेषा य-अक्षाला कुठे छेदते? −२ ला. झालं समीकरण: य = (३/२)क्ष − २. य च्या जागी २५ ठेवले, अ आला १८. सगळ्यांच्या वह्यांत तेच.

"सर, मला नऊ येतंय," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

मी तिच्याजवळ गेलो. तिने समीकरण मांडलंच नव्हतं. माझ्याकडचा आणखी एक आलेख कागद मागून घेऊन तो पहिल्याच्या वरच्या कडेला चिकटवला होता, घरांच्या रेघा एकमेकींना बरोबर जुळवून. पट्टी लावून रेषा वर वाढवली होती. क्ष-अक्षापासून बाराव्या घराच्या वर आणखी अर्धं घर, तिथे पेन्सिलीची बारीक फुली. फुलीपासून खाली सोडलेली तुटक रेघ ९ वर येऊन थांबली होती. जोडकाम जरा सरकलं असेल, असं क्षणभर वाटलं. पण कागद केसभर सरकला म्हणून नवाचे अठरा होत नाहीत.

फळ्याकडे परतलो आणि दुसरं टिंब वाचायला सांगितलं. (४, १०). "आता आपल्या समीकरणात क्ष च्या जागी ४ ठेवा." सहा वजा दोन, चार. यायला हवे होते दहा. पहिलं टिंब (२, ४), तिथे आला १. ज्या दोन बिंदूंवरून समीकरण काढलं, तेच त्यात बसत नव्हते!

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं होतं: क्ष-अक्ष १ सेमी = १ एकक, य-अक्ष १ सेमी = २ एकक. रेषा कागदात मावावी म्हणून मीच ते तसं घेतलं होतं, आणि फळ्यावर घरं मोजून चढ लिहिणाराही मीच. छेद आम्ही अक्षावरचा आकडा वाचून घेतला, म्हणून तो बरोबर आला. चढ मात्र घरं मोजून. चूक माझी आहे, हे मी वर्गाला सांगितलं. मग निर्देशकांवरून चढ काढला: (१० − ४) भागिले (४ − २), म्हणजे ३. य = ३क्ष − २. आता २५ = ३अ − २, म्हणून अ = ९.

तिने कसं केलं, हे तिलाच सांगायला लावलं. "एक घर उजवीकडे गेलं की रेषा दीड घर वर जाते, म्हणजे तीन. दहापासून पंचविसापर्यंत पंधरा वाढायचे, म्हणजे पाच वेळा. चार आणि पाच नऊ. मग काढून पाहिलं." फुली तिने हिशेबानंतर केली होती. चढ म्हणजे काय ते इतकं स्वच्छ मला एका वाक्यात कधी सांगता आलेलं नाही.

एका मुलाने विचारलं, मग ही रेषा दिसते त्याहून जास्त उभी आहे का? प्रश्न फार चांगला होता. दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक घेऊन त्यांनी तीच रेषा पुन्हा काढली, ती बरीच उभी आली. य-अक्षावर १ सेमी = ५ एकक घेतलं तर ती बरीच आडवी झाली. तिन्ही कागदांवर समीकरण तेच राहिलं, चढही ३ च.

ब राहिला होता. समीकरणाने तो पटकन दिला, −९ − २ म्हणजे −११. तास संपला तेव्हा ती मुलगी कागदाच्या खालच्या कडेला तिसरा तुकडा चिकटवत होती; −११ साठी साडेपाच घरं खाली जावं लागणार होतं.