पानं किती?

सकाळी नवाच्या सुमारास आमच्या घरात जिन्याच्या तळातून एक हाक वर जाते. "पानं किती आज?" हाक मोठ्या वहिनींची, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची. एका हातात कणकेचा डबा, दुसरा हात कठड्यावर. वरून उत्तरं येत राहतात. "माझं नाही, डबा नेऊन राहिलो." "माझं आहे, पण उशिरा." "माझ्यासोबत एक पोट्टा येऊन राहिला, त्याचंही धरा." वहिनी काही लिहून घेत नाहीत. परत फिरतात आणि परातीत कणीक ओततात.

नागपुरात महाल भागात घर म्हटलं की लोकांना वाडा, चौक, विहीर वगैरे दिसायला लागतं. आमचं तसं काही नाही. जुनं घर पाडून बांधलेले तीन मजले, अरुंद जिना आणि तळमजल्यावर एकच स्वयंपाकघर. वरच्या दोन्ही मजल्यांवर गॅस आहे, पण तो चहापुरता. चहा ज्याचा त्याने करावा आणि जेवायला खाली यावं, हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. ते जाऊन बरीच वर्षं झाली, नियम चालू आहे. खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा सोय म्हणून. दर मजल्याला वेगळा कुकर, वेगळी भांडी, वेगळं डोकं कोण लावणार?

माणसं मात्र मोजायची नाहीत. दृष्ट लागते, असं आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात. 2011 च्या जनगणनेला आलेल्या मास्तरांनी "घरात एकूण किती जण?" असं विचारलं, तेव्हा आईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि एकेक नाव सांगितलं. बेरीज मास्तरांनीच केली. ती करताना एक नाव सुटलं, ते आईंच्या लक्षात आलं, पण आकडा दुरुस्त करणं म्हणजे आकडा उच्चारणं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळी नावं सांगितली. पानं मोजायला मात्र त्यांची हरकत नाही. पान म्हणजे ताट, ताटाला कसली दृष्ट?

मधल्या काळात मुलांनी या हाकेचं व्हॉट्सअॅप केलं. ग्रुप निघाला, रोज सकाळी प्रश्न पडायचा, खाली अंगठे यायचे. अंगठा म्हणजे "जेवायला आहे" की "निरोप वाचला", याचा उलगडा दुपारी दीड वाजता व्हायचा, भात संपल्यावर. आठवड्याभरात वहिनी पुन्हा जिन्याखाली. ग्रुप अजून आहे. त्यावर आता फक्त सुप्रभात येतं, तेही गुलाबाच्या फुलासकट.

वहिनींचा हिशेब मी जवळून पाहते, कारण पोळ्या लाटायला मीच बसते. त्या माणशी पोळ्या धरत नाहीत. भाजी बघून धरतात. डाळकांदा असेल तर धाकटा पुतण्या पाच खातो, दोडका असेल तर दोन आणि "मी बाहेर काहीतरी खाल्लं" असं सांगतो. भरली वांगी असली की सगळ्यांच्याच दोन वाढतात. पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याला पोळी कमी आणि भात जास्त. कणीक मळून झाली की त्या मुठीत धरून उंडे तोडतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून गोळा वर येतो, पिळला जातो, परातीच्या कडेला बसतो. सगळे एका मापाचे. शेवटी एक उंडा मुद्दाम मोठा. तो कोणाचा, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. "येईल कोणी," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे यात फार थोर काही नाही. आलं नाही तर संध्याकाळी त्याची फोडणीची पोळी.

घरातल्या बातम्या मला याच उत्तरांमधून कळतात. मोठ्यांचा, म्हणजे वहिनींचा मुलगा मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरीला. गेल्या वर्षी त्याचं शनिवारचं पान दर आठवड्याला कमी व्हायला लागलं. आम्हाला वाटलं, कामाचा ताण. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण एका शनिवारी हाक मारतानाच म्हणाल्या, "तुझं नाही न आज? आणि तिचं कधी धरायचं ते सांगून ठेव." जिन्यावर दोन मिनिटं सामसूम. मुलगी जबलपूरची निघाली, त्याच्याच ऑफिसातली. तुळशीचं लग्न झाल्यावर यांचं झालं.

पण वर्ष सांगायचं तर उन्हाळ्यापासूनच सांगायला हवं. नागपूरचं वर्ष मला तरी तिथेच सुरू होतंसं वाटतं. पारा 45 च्या आसपास घुटमळतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घर सगळ्यात भरलेलं असतं. शाळांना सुट्ट्या, नणंदा माहेरी, त्यांची पोरं आणि त्या पोरांचे शेजारी. मोठा कूलर एकाच खोलीत, म्हणून झोपायला सगळे त्याच खोलीत. कूलरच्या नव्या गवताचा वास, पाण्याची टिपटिप आणि कोणाच्या तोंडासमोर वारा यायचा यावरून भांडण. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की वहिनी पानं विचारणंच बंद करतात. आमरसाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरायचा, सरगुंडे शिजवायचे, कुरडया तळायच्या. जो समोर येईल त्याला वाढायचं.

त्याआधी अक्षय्यतृतीया येते. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर ठेवतात, पन्ह्याचा पेला ठेवतात आणि एक पान वाढतात. गेल्या वर्षी वहिनींनी हाक मारली, वरून उत्तरं आली आणि कणीक घेताना त्यांनी आईंकडे पाहिलं. "मामाजींचं धरलं," आई म्हणाल्या, "आणि त्यांना पुरण नको, त्यांना शेवया." नैवेद्याच्या पानात काय वाढायचं हे ठरलेलं असतं असं मी समजत होते. आईंच्या लेखी ते ठरलेलं नाही. मामाजींना पुरण जड पडायचं, ते अजूनही पडतं. पुढे त्या असंही म्हणाल्या की भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, कमी टाका, त्यांना दातात अडकतो. यावर माझ्या नणंदेची मुलगी, वय वर्षं नऊ, म्हणाली, "आता कुठे दात आहेत त्यांना?" घरात एवढं हसू आलं की घागरीला लावायचं कुंकू आईंच्या हातून सांडलं. हसणाऱ्यांत आईही होत्या.

जून कोरडाच जातो. पाऊस उशिरा आणि घर रिकामं. मधल्या दिरांचा मुलगा शिकायला पुण्याला गेला. त्याला सोडून आल्यावर आठवडाभर चार-चार पोळ्या उरल्या. वहिनींनी आकडा कमी केला होता, हात कमी करत नव्हते. याच महिन्याच्या शेवटी मोठे भाऊजी रेल्वेतून निवृत्त झाले. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, घड्याळ. (ज्याला आता वेळेवर कुठे पोचायचंच नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला कधी कळलेलं नाही.) पण खरा बदल दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. इतकी वर्षं डब्यात जाणारं एक पान ताटात आलं. साडेअकराला भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात. "काय आहे आज?" वहिनी म्हणाल्या, "ऑफिसात दीडला जेवत होते न तुम्ही? मग इथं साडेअकरालाच काहून भूक लागते?" सध्या त्यांना कोथिंबीर निवडायला बसवतात. एक जुडी ते तासभर पुरवतात, सोबत रेल्वेच्या गोष्टी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पानांचा हिशेब दरवर्षी कोसळतो. तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, आणि मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, एकाच दिवशी. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. इतवारी-महालच्या रस्त्यांवरून दोन्ही निघाल्या की अख्खं शहर इकडे लोटतं. धरमपेठेतले, सक्करदऱ्यातले सगळे नातेवाईक सकाळी गॅलरीत हजर. एरवी "पार्किंग नाही तुमच्याकडे" म्हणणारेसुद्धा. बडगे, म्हणजे सोबतचे पुतळे, बघून, "घेऊन जाऽऽ गे मारबत" ओरडून घसे बसले की सगळ्यांना भूक लागते. त्या दिवशी पाटोडी न् रस्साच करतात, कारण रस्सा वाढवता येतो. माझ्या मते एकत्र कुटुंबं टिकली आहेत ती रश्श्यामुळे. सुकी भाजी पाहुण्याला दाद देत नाही.

संध्याकाळी लहान पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जाऊन आली. धाकट्याच्या नंदीचं एक चाक निखळलं होतं, तो त्याला ओढत नव्हता, कडेवर घेऊन फिरत होता. त्याला बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ, इतरांपेक्षा जास्त मिळाला.

श्रावणातच मोठ्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्रीचं जागणं यातून घर बाहेर येईपर्यंत महालक्ष्म्या येऊन गेल्या, दसऱ्याचं सोनं वाटून झालं. दिवाळी कशी गेली ते मला आठवत नाही. फराळ केला असणार, कारण डबे रिकामे सापडले.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. नागपूर करार 1953 चा, आणि त्यापायी दर हिवाळ्यात मुंबईचं सरकार इकडे येतं. ते विधानभवनात. सरकारला भेटायला निघालेला मोर्चा मात्र आमच्याकडे मुक्कामाला. मामाजींच्या गावाकडचे एक भाऊ दरवर्षी आर्वीहून येतात. मागणी कोणती हे त्यांच्या टोपीवरून कळतं. एका वर्षी शिक्षक, एका वर्षी कापूस. सोबत तिघं-चौघं. सकाळी तर्रीपोहे, रात्री परत आल्यावर वांग्याची भाजी-भाकर, आणि मागणी मान्य झाली का, असं कोणीच विचारत नाही. गेल्या डिसेंबरात नवी सून घरात येऊन पंधरवडाही झाला नव्हता. सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर ओसरीवर चार-पाच अनोळखी माणसं दात घासत होती. तिने घाबरून विचारलं, "मम्मी जी, ये सब अपने रिश्तेदार हैं?" वहिनी म्हणाल्या, "आज शाम तक तो हैं." मोर्चेवाल्यांनी जाताना सुनेच्या हातात संत्र्यांची थैली ठेवली आणि तिला "सूनबाई" म्हणाले. तिला त्या घटकेला ते शंभर टक्के नातेवाईकच वाटले असावेत, कारण तिने वाकून नमस्कार केला.

संक्रांतीला पुण्याचा पुतण्या आला. पूर्वी पुण्याहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी नऊ-दहाला टेकायची. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाल्यापासून पोरं पहाटेच दारात. त्यामुळे जेवणाचं पान तेवढंच राहिलं, नाश्त्याचं एक वाढलं. दिवसभर तो गच्चीवर पतंग उडवत. "ओ काऽऽट" आणि थाळीवर चमच्यांचा आवाज. ताट वर नेऊन द्यावं लागलं. त्याच आठवड्यात बाळाचं उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठाला लावली, त्याने ती मामाच्याच सदऱ्यावर परत केली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हाक मारल्यावर आई आतून म्हणाल्या, "त्याचं अर्धं धरा." आई स्वतः हल्ली मुगाच्या खिचडीचे चार घास खातात. त्यांचं पान मात्र पूर्ण धरायचं, ताट-वाटी-भांडं-चटणीसकट. त्यावर चर्चा नाही.

आणि फेब्रुवारीत धाकटे दीर बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. भांडण नाही, काही नाही. दोन्ही मुलांची शाळा तिकडे, बायकोची नोकरी तिकडे, रोज महालातून ट्रॅफिकमध्ये जाणं-येणं जमेना. आईंनी दोन दिवस कमी बोलून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी वास्तुशांतीची यादी करायला बसल्या. वहिनींनी धाकटीला आपला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा गंज दिला, वरणाचा. "तिकडे माणसं येतील, लहान भांड्यात तुझं कसं होईल?"

फ्लॅटमध्ये चौघं राहतात. गंज सिंकमध्ये मावत नाही, ओट्यावर ठेवला तर खिडकी उघडत नाही. परवा मी तिकडे गेले तर तो बाल्कनीत दिसला. धाकटीने तळाला खिळ्याने भोकं पाडून त्यात माती भरली आहे आणि सांबार पेरला आहे. चांगला दाट आलाय. वहिनींना अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि त्या येत्या रविवारी तिकडे जेवायला चालल्या आहेत.