वेण्यांचा थ्रो : निम्म्याच्या पुढे

थ्रो, म्हणजे सोफ्यावर बसताना अंगावर घ्यायचं विणलेलं पांघरूण, निम्म्याच्या पुढे सरकला. विणता विणता मांडीवर पसरला की आता गुडघे झाकले जातात. हा आईच्या सोफ्यासाठी आहे. नाशिकच्या थंडीत संध्याकाळी टीव्हीसमोर बसताना तिला चादर पुरत नाही आणि रजई फार होते.

लोकर सायीच्या रंगाची, जाड, अ‍ॅक्रिलिक. घरात वॉशिंग मशीनमध्येच धुतली जाणार, म्हणून शुद्ध लोकरीचा मोह टाळला. रंग मात्र मुद्दाम फिका घेतला. केबलची, म्हणजे टाक्यांना पीळ देऊन विणलेल्या वेणीची, सगळी मजा सावलीत असते. गडद किंवा रंगीबेरंगी लोकरीत एवढी मेहनत दिसतच नाही. अंदाजे सव्वा किलो लागेल, आणि सगळे गुंडे रंगाच्या एकाच लॉटचे आहेत. सुई साडेपाच मिलिमीटरची, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाच नंबर. ती गोल तारेची आहे, त्यामुळे वजन मनगटावर न येता मांडीवर राहतं.

मांडणी अशी : नऊ टाक्यांची तीनपदरी वेणी, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन उलटे टाके, आणि दोन वेण्यांमध्ये अकरा टाक्यांचा दाणेदार पट्टा. अशा सात वेण्या आणि सहा पट्टे. दोन्ही कडांना आठ-आठ टाके कायम सुलट, म्हणजे कड वळत नाही. एकूण १८७ टाके.

पण सुरुवातीला मी १७३ च टाके घातले होते. केबल कापड आत ओढते. माझ्या नमुन्यात वेणीचे नऊ टाके सपाट विणल्यावर साडेपाच सेंटिमीटर भरले, पीळ घातल्यावर जेमतेम चार. सगळे टाके पहिल्यापासून घेतले असते तर खालची सुलट पट्टी झालरीसारखी फुलली असती. म्हणून पट्टी संपताना प्रत्येक वेणीच्या जागी दोन टाके वाढवले. सात वेण्यांचे चौदा. पट्टी अगदी सरळ बसली आहे.

या थ्रोने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उलट्या टाक्यांबद्दल. केबल विणताना आपलं सगळं लक्ष पिळाकडे असतं, पण वेणी उठते ती शेजारच्या उलट्या टाक्यांच्या चरीमुळे. नमुन्यात वेणीच्या बाजूला आधी एकच उलटा टाका ठेवला, मग दोन, मग तीन. एका टाक्याला वेणी दाणेदार पट्ट्याला चिकटलेली दिसते. तीन ठेवले की उलटे टाके मागे सरतात, सुलटे पुढे येतात, आणि चरीत बोटाचं टोक बसतं. टाके वाचवायचे असतील तर एखादी वेणी कमी करा, चर नको.

वेणी आठ सुयांची, म्हणजे आठ ओळींची. पहिल्या सुईला तीन टाके जादा सुईवर घेऊन मागे धरायचे, पुढचे तीन सुलट विणायचे, मग मागचे तीन विणायचे. उरलेले तीन साधे सुलट. पाचव्या सुईला पहिले तीन साधे, नंतरचे तीन जादा सुईवर पुढे धरायचे, शेवटचे तीन विणायचे, मग पुढे धरलेले. परतीच्या सुईला वेणीत आणि चरीत दिसेल तसं विणायचं; दाणेदार पट्ट्यात मात्र सुलटावर उलट, उलटावर सुलट. जादा सुई म्हणून मी दहा नंबरची मोज्याची सुई वापरते. बारीक असल्याने टाके ताणले जात नाहीत.

सुया मोजायला मी कागद ठेवत नाही. पिळाच्या मागे करंगळी घातली की आडवे धागे हाताला लागतात. ते मोजले की शेवटच्या पिळानंतर किती सुया झाल्या ते कळतं. पीळ उलट्या बाजूला पडला तर सगळी ओळ उसवू नका. तेवढेच सहा टाके खाली सोडा, जागा बदला, आणि क्रोशाच्या सुईने एकेक धागा वर चढवा.

वेणीला काही अर्थ असतो का, असं मला विचारलं जातं. आयर्लंडच्या पश्चिमेला असलेल्या अरान बेटांवरच्या स्वेटरबद्दल सांगतात की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी होती आणि बुडालेला कोळी त्यावरून ओळखला जाई. ही दंतकथा आहे, बहुधा एका नाटकावरून आलेली. १९०४ च्या एका आयरिश नाटकात बुडालेल्या माणसाच्या मोज्याचे टाके मोजून बहीण त्याला ओळखते. घराण्याच्या विणीचा तिथे काही संबंध नाही. अरानची ती वीण विसाव्या शतकातलीच, बायकांनी विकण्यासाठीही विणलेली. मला हे खरं जास्त आवडतं. पोटासाठी इतकं देखणं काम केलं त्यांनी.

आता उरलेली लांबी. वरच्या पट्टीआधी ते चौदा टाके पुन्हा कमी करायचे, आणि टाके बंद करताना चार नंबरची सुई घेणार आहे, नाहीतर वरची कड आवळते. शेवटी वाफेची इस्त्री मुळीच नाही. अ‍ॅक्रिलिकला उष्णता जास्त लागली की वीण कायमची चपटी होते, आणि चरी बुजल्या तर वेण्यांत काही उरणार नाही. नुसतं धुऊन, सपाट पसरून, सावलीत वाळवणार.