आबांची सही

“आबांचे नाव नसते, तर तुम्ही आमदार झाला असता का?” आबा म्हणजे माझे वडील, आणि हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, दूध संस्थेच्या वार्षिक सभेत आणि एकदा तर रक्षाविसर्जनाच्या वेळीही विचारला गेला आहे. 2022 मध्ये कोल्हापूर उत्तरच्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव पतीच्या निधनानंतर निवडून आल्या, तेव्हा तो पुन्हा माझ्या दारी आला. आता तुम्हीही तोच विचारलात, म्हणून लिहितो: नसतो झालो.

गावोगावच्या सेवा सोसायट्या, दूध संस्था आणि त्यांतून उभा राहिलेला गट मला आयता मिळाला. वीस-वीस वर्षे सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्यांच्या पुढे मी पहिल्याच दिवशी जाऊन उभा राहिलो. मात्र नावावर गुलाल आपोआप लागतो, हे मला आजही मान्य नाही. याच जिल्ह्यात मोठमोठ्या घराण्यांचे उमेदवार पडलेले आहेत, आणि विधानसभेत तारांकित, म्हणजे मंत्री तोंडी उत्तर देतात अशा प्रश्नावर उपप्रश्न विचारायला उठल्यावर वडील कानात काही सांगायला येत नाहीत.

एवढे मी पूर्वीही सांगत असे आणि तिथेच थांबत असे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि नदीकाठची माणसे शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये येऊन राहिली. अशाच एका शाळेत एका म्हातारीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. 1989 च्या पुरानंतर तिच्या वस्तीला उंचावर जागा मिळवून देण्याविषयी आबांनी लिहिलेले ते पत्र होते. घराची भिंत गेली होती, भांडी गेली होती. कागद तेवढा तिने वाचवला होता.

“दादा, साहेबांचा शब्द हाय ह्यो.”

मी सही ओळखली आणि म्हणालो, “आजी, हे माझ्या काळातले नाही. नव्याने अर्ज द्या.”

ती काहीच बोलली नाही. तिने कागद जुन्या घड्यांवरच दुमडला आणि पिशवीत ठेवला.

तीन रात्री मी झोपलो नव्हतो. बोटी, पिण्याचे पाणी, जनावरांची वैरण यांतच दिवस संपत होता. शिवाय जमीन देणे आमदाराच्या हातात नसते. हे सगळे खरे आहे, आणि कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो. पण प्रचाराच्या प्रत्येक सभेत ‘आबांचे अपुरे राहिलेले काम पुरे करू द्या’ असे म्हणणारा मीच होतो. आबांची मते घेताना तो काळ मला माझाच वाटला होता.

त्याच ऑक्टोबरात मी पुन्हा निवडून आलो. पुढे त्या वस्तीविषयी विधानसभेत प्रश्न लावला; लेखी उत्तर आले, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘कार्यवाही सुरू आहे’. 2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा चढले, तेव्हा वस्ती होती तिथेच होती.

आता माझी मुलगी उभी राहणार का, असेही तुम्ही विचारता. राहिली तर अडवणार नाही, असे मी घरात सांगितले आहे. अडवायला हवे, असेही एक मन म्हणते. त्या पत्राची झेरॉक्स मी नंतर मागून आणली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मुलीला मी ती अजून दाखवलेली नाही.