शेवटच्या दिवशीची रांग

मे महिना ही आम्हा टूर मॅनेजरांची सुगी. २०२३च्या मे अखेरीस पुणे, सातारा आणि डोंबिवलीची मिळून चौतीस माणसं घेऊन मी कॅलिफोर्नियात होतो. ३० मे, मंगळवार, अ‍ॅनाहाइमचं डिस्नेलँड. तिथली ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली राइड वर्णद्वेषाच्या आरोपांमुळे त्या रात्री कायमची बंद होणार होती. मला ते ठाऊक होतं, पण माझ्या लेखी ती फक्त गर्दीची अडचण होती.

सकाळी जंगल क्रूझ केली. १९५५ साली पार्क उघडलं तेव्हापासूनची ही राइड. नदीच्या एका वळणावर वेलींनी वेढलेलं पडकं देऊळ लागतं, तिथे नाग, वाघ आणि गणपतीची मूर्ती. ‘अरे, गणपती!’ असा गलका आमच्या होडीत दरवेळी होतो, काही जण हात जोडतात. साताऱ्याचे काका मात्र गप्प झाले. निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरी ओलांडलेले. उतरल्यावर म्हणाले, “बाप्पा दिसला, बरं वाटलं. पण तो तिथे आहे कशासाठी? भीती वाटावी म्हणून?”

“सजावट आहे हो काका.”

“देव आपला आणि सजावट त्यांची?”

मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे त्याच राइडमध्ये पूर्वी मुंडकी विकणाऱ्या एका आदिवासीचा पुतळा होता. ‘माझी दोन डोकी घ्या, तुमचं एक द्या’ असा त्याच्यावरचा विनोद होडीवाला करायचा आणि आमच्या लोकांना कळावा म्हणून मी तो मराठीत सांगायचो. कित्येक वर्षं सांगितला. २०२१मध्ये तो पुतळा हलवला, तेव्हा एक हमखास हशा गेला म्हणून मला वाईट वाटलं होतं.

दुपारी स्प्लॅश माउंटनला पोहोचलो तर रांग कुठच्या कुठे गेलेली. सशाचं चित्र असलेले टीशर्ट घातलेली मोठी माणसं उभी होती. एक चाळिशीतला बाप्या चक्क रडत होता. १७ जुलै १९८९ला ही राइड सुरू झाली. तेव्हा पोरवयात असलेले आता स्वतःची पोरं घेऊन आले होते. डिस्नेलँडमध्ये ओंडक्यांच्या होडीत एकामागे एक बसतात, त्यामुळे भिजण्याचा पहिला मान पुढच्याचा. आतली गाणारी कितीतरी जनावरं ‘अमेरिका सिंग्ज’ नावाच्या जुन्या कार्यक्रमातून उचलून आणलेली, बंद पडलेल्या नाटकाचे कपडे नव्या नाटकाला वापरावेत तशी.

डोंबिवलीचा इंजिनिअर मुलगा वैतागला. “सशाची गोष्ट आहे नुसती. यात कसला आलाय वर्णद्वेष?”

प्रश्न रास्त होता, कारण आत आक्षेपार्ह म्हणावं असं खरोखरच काही दिसत नाही. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. राइड डिस्नेच्याच १९४६च्या ‘साँग ऑफ द साऊथ’ या चित्रपटावर बेतलेली. त्यात अंकल रिमस नावाचा म्हातारा कृष्णवर्णीय माणूस मळ्यावरच्या गोऱ्या मुलाला सशाच्या गोष्टी सांगतो. मळा असा रंगवलाय, की तिथे कुणी कधी गुलाम होतं याची आठवणही येऊ नये. तेव्हाच न्यूयॉर्कमध्ये त्याविरुद्ध निदर्शनं झाली होती. कंपनीने अमेरिकेत तो घरगुती व्हिडिओवर कधीच विकला नाही. राइडचं रूप पालटणार हे जाहीर झालं जून २०२०मध्ये, पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूला महिना होत असताना.

“म्हणजे सिनेमाची शिक्षा राइडला,” मुलगा म्हणाला. “उद्या इतिहासच पुसतील.”

पाय दुखतात म्हणून काका बाकावर बसले होते. शेजारी एक कृष्णवर्णीय आजी नातवंडांच्या पिशव्या सांभाळत होत्या. काकांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत सरळ त्यांनाच विचारलं, “तुम्हाला हे बंद झालेलं हवं आहे का?” मी संकोचाने गार पडलो.

आजी हसल्या. म्हणाल्या, नातवंडं दोनदा बसून आली, तिसऱ्यांदा रांगेत आहेत. मग हळूहळू बोलल्या. त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या. त्यांच्या आजीला सशाच्या या गोष्टी तोंडपाठ होत्या आणि तिला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या गोष्टी, दुबळा ससा दांडग्यांना चकवतो अशा. पुढे त्या एका गोऱ्या पत्रकाराने लिहून पुस्तकात घातल्या, मग सिनेमावाल्यांनी घेतल्या. १९७२ला सिनेमा पुन्हा लागला तेव्हा त्या शाळेत होत्या. पडद्यावर आपली आजी दिसेल म्हणून गेल्या आणि दिसला मालकाच्या पोराचं मन रमवणारा म्हातारा.

“आणि इथे आत?” काकांनी विचारलं.

“इथे तर तोही नाही. ससा आहे, कोल्हा आहे, अस्वल आहे. सांगणारा कुठे आहे?”

मी कितीदा तरी त्या होडीत बसलो असेन. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. १९८९लाच वाद नको म्हणून अंकल रिमसला वगळून गोष्टी तेवढ्या ठेवल्या होत्या. गोष्टीत ससा ज्या डांबराच्या बाहुलीला चिकटतो, तिच्या जागी मध आणला होता. म्हणजे पुसण्याचं पहिलं काम राइड बांधतानाच झालेलं. त्या म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या जेम्स बॅस्केटला १९४८मध्ये खास ऑस्कर मिळालं, पण चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे त्याला त्या समारंभात जाता आलं नव्हतं. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी आजींच्या शब्दांनीच घशात काहीतरी अडकलं होतं.

मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. “मग सांगणाऱ्याला परत आणा की, राइड का बंद करता?” असं तो म्हणाला. त्याचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. तरीही माझं मत बदलाच्या बाजूने आहे. रडणाऱ्या त्या बाप्याचं बालपण खरंच होतं, त्याच्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही. पण त्याच्या आठवणीसाठी आजींनी आणखी चौतीस वर्षं बाकावर बसून पिशव्या सांभाळाव्यात, हे मला पटत नाही.

त्याच जागी नोव्हेंबर २०२४मध्ये डिस्नेच्या सिनेमातल्या राजकुमारी टियानाची राइड सुरू झाली. पाण्याची वाट तीच, शेवटची उडीही तीच, फक्त गोष्ट आता न्यू ऑर्लिन्सच्या एका कृष्णवर्णीय मुलीची. ती गोष्ट तिचीच आहे, हे मला आवडतं. सशाच्या गोष्टी मात्र पुन्हा बेघर झाल्या, आणि ते आवडत नाही.

त्या रात्री हॉटेलकडे परतताना डुलक्या घेणाऱ्या बसमध्ये काकांनी माइक मागितला. आपल्या म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीने सुरुवात करून ते काटेरी झुडपातल्या सशावर आले: काहीही करा, पण मला काट्यात टाकू नका, अशी विनवणी करणारा, आणि काट्यात टाकताच टुणकन पळणारा. पोरं जागी झाली. गोष्ट संपल्यावर काकांनी कुणी सांगितली तेही सांगितलं: जॉर्जियाच्या एका आजीच्या आजीच्या आजीने.

उतरताना ते माझ्याजवळ थांबले. “त्या गणपतीचं पत्र मी लिहितो,” म्हणाले. “काढा म्हणणार नाही. तो कोण आहे, एवढं होडीवाल्याने सांगावं. इंग्रजी तुम्ही करून द्या.”

ते इंग्रजी मी त्याच रात्री करायला घेतलं.