घुमटाला बकरीचे कातडे मढवताना

घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेल्या मडक्याचे गोव्याचे तालवाद्य. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे असायचे. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो विषय संपला. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिल्यावर मागणी वाढली, पण ‘घोरपडीचे मिळेल का?’ हा प्रश्न अजून येतोच. मी बकरीचेच मढवतो. मात्र नुसते कातडे बदलून भागत नाही, मडक्याच्या काठापासून सगळी रीत बदलावी लागते.

मडके डिचोलीच्या कुंभाराकडून आणतो. आधी बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायची. ‘टण्ण’ वाजले तर ठीक, ‘भद्द’ वाजले तर आत चीर आहे. मग मोठे तोंड काचेवर पालथे घालून लहान तोंडातून टॉर्च मारतो. काठाखालून जिथे उजेड डोकावतो तिथे काठ बुटका असतो. बाकीचा काठ पाणी लावून पॉलिशपेपरवर घासत त्याच्या पातळीला आणायचा आणि धार बोथट करायची. बकरीचे कातडे जाड असते, वाळताना जोरात आवळते आणि धारदार काठावर हमखास फाटते.

कातडे करडाचे घ्यावे, मोठ्या बोकडाचे नको. मीठ धुऊन रात्रभर साध्या पाण्यात, मग लिटरला साधारण ४० ग्रॅम विरलेला चुना घातलेल्या पाण्यात ३ दिवस, रोज ढवळत. हातमोजे घालायचेच. अंगठ्याने ओढल्यावर केस मुळासकट निघाले की बाहेर काढायचे. कातडे आणखी दोन दिवस राहिले तर फुगून कमकुवत होते आणि ऐन बांधताना टरकते. चुना नीट धुतला नाही तर वाळल्यावर पापडासारखे कडक होते. म्हणून बादलीभर पाण्यात अर्धी वाटी माडाचे विनेगर घालून तासभर भिजवतो, मग कापलेल्या कडेला ओली हळद चोळून बघतो. हळद कुंकवासारखी लाल झाली तर चुना अजून आत आहे, पुन्हा धुवायचे.

पीव्हीसी पाइपवर पसरून मांसाकडची बाजू बोथट पात्याने खरवडायची. उजेडात धरल्यावर मागच्या बोटांची सावली स्पष्ट दिसली पाहिजे. पोटाकडचा भाग वाकडातिकडा ताणतो, तो सोडायचा. ७ इंचांच्या तोंडाला ११ इंचांचा गोल पुरतो, पण पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मध्यातून गेली पाहिजे. ती एका बाजूला गेली की त्या बाजूचा नाद वेगळाच येतो.

ओल्या कातड्यावर सुती दोरीचे ५-६ वेढे काठाच्या खाली घ्यायचे. समोरासमोरच्या जागा जोडीने ओढायच्या, चाकाचे नट आवळतात तशा. इथेच नवशिका चुकतो आणि ताकद लावतो. ओले असताना मध्यभागी बोट अर्धा सेंटिमीटर आत जायला हवे. उरलेला ताण वाळताना आपोआप येतो. सावलीत ३ दिवस ठेवायचे. पंख्याचा झोत एकाच बाजूने नको, ती बाजू आधी वाळून कातडे आपल्याकडे खेचते.

बाजारात आता फायबरचे घुमटही मिळते. ते पडले तरी फुटत नाही, प्रवासाला बरे. पण डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत जो ‘घुम्म’ काढतात तो त्यात पातळ वाटतो. ढोलकीसारखे नट-बोल्ट मातीच्या घुमटाला लावूनही पाहिले. ताण एकेका बिंदूवर येऊन काठाचे टवके उडाले. खालून रबर घालून लोखंडी कडे दिले तेव्हा टिकले, पण तासभर आरती वाजवेपर्यंत गळ्यातल्या दोरीने मान अवघडते.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पावसात येते आणि बकरीचे कातडे दमटपणाने सैल पडते. पूर्वी चुलीजवळ शेकत, फ्लॅटमध्ये चूल कुठली? गिऱ्हाइकाला मी हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून गोल फिरवायला सांगतो, दोन-तीन मिनिटे पुरतात. काहीजण आत दिवा लावून ठेवतात, पण त्याला जुना तारेचाच बल्ब हवा. एलईडीची ऊब पुरत नाही.